माणसाचा साचा नसतो

गणेशोत्सव काही महिन्यांवर असतानाच पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या पंचक्रोशीतल्या गावांत घराघरांच्या पडव्यांमध्ये मूर्ती रांगेने वाळू लागतात. साचा एक आणि त्यातून उतरणाऱ्या मूर्ती शेकडो, हे या व्यवसायाचे अर्थशास्त्र आहे. तरीही जाणता कारागीर साच्यातून निघालेली मूर्ती तशीच गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. सांधे घासून, बोटांना आकार देऊन झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि ती प्रत्येक मूर्तीची स्वतंत्रपणे, हातानेच करावी लागते. रायगडच्या किनारपट्टीवर पिढ्यान् पिढ्या जपलेल्या या कलेने एक साधे सत्य केव्हाच ओळखले आहे. साच्याने संख्या साधते. जिवंतपणा मात्र एकेका मूर्तीकडे स्वतंत्रपणे पाहिल्याशिवाय येत नाही.

आधुनिक शल्यविज्ञानाला हेच सत्य नव्या वाटेने गवसले आहे. मोडलेल्या हाडाला आधार देणारी पट्टी, झिजलेल्या खुब्याच्या जागी बसविला जाणारा कृत्रिम सांधा, कवटीची फट बुजविणारी जाळी या साऱ्या वस्तू गेल्या शतकात कारखान्यातून ठरावीक आकारांत निघू लागल्या. तयार कपड्यांप्रमाणे लहान, मध्यम आणि मोठा असे माप ठरले, आणि त्यातल्या त्यात जवळचे माप निवडून शल्यविशारद ते रुग्णाच्या देहात बसवू लागले. बहुसंख्य रुग्णांचे त्याने भले झाले, हे निर्विवाद आहे. परंतु कर्करोगामुळे अर्धा जबडा काढावा लागलेला मनुष्य, अपघातात कवटीचा तुकडा गमावलेला तरुण, किंवा डोळ्याच्या खोबणीचे हाड चुरा झालेली स्त्री यांच्यासाठी कोणत्याही कारखान्यात तयार माप नसते. जो आकार हरपला तो जगात एकमेव होता. तो पुन्हा घडवायचा तर त्याच माणसाच्या देहाचे माप घ्यावे लागते. त्रिमितीय छपाई, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, या तंत्राने हे काम शक्य कोटीत आणले आहे. प्रश्न आहे तो हे तंत्र कोणाच्या दारापर्यंत पोहोचणार हा.

रायगड जिल्ह्यापुरता विचार केला तरी या प्रश्नाची धार जाणवते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री अशा पट्ट्यात पसरलेल्या या जिल्ह्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात या रस्त्याने किती संसारांचा बळी घेतला, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, चौल, नागाव या भागांतल्या सुपारी-नारळाच्या वाड्यांमध्ये झाडावरून पडून पाठीचा कणा किंवा डोके फुटणे ही नवलाईची घटना नव्हे. मच्छीमार बांधवांची बोटे यारीत आणि दोरखंडात सापडतात. तंबाखू आणि मशेरी यांनी तोंडाच्या कर्करोगाला घरोघर वाट करून दिली आहे. अशा रुग्णाचा प्राण वाचतो, परंतु चेहरा वाचत नाही. जबडा गेलेला मनुष्य गावी परततो तो तोंडावर उपरणे घेऊन. त्याला धड चावता येत नाही, बोललेले इतरांना कळत नाही, लग्नकार्याच्या पंगतीला बसण्याचा त्याला संकोच वाटतो. तो जिवंत असतो, पण समाजातून हळूहळू वजा होत जातो. वैद्यकाच्या नोंदीत हे यशस्वी उपचार ठरतात. समाजाच्या नोंदीत ते अपूर्ण राहतात.

हरपलेला अवयव त्याच माणसाच्या मापाने पुन्हा घडविण्याची कल्पना या भूमीला परकी नाही. ऋग्वेदातील विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोहाची जंघा दिल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिच्याहून अधिक महत्त्वाची आहे ती सुश्रुतसंहितेतील पद्धत. तुटलेले नाक जोडण्यापूर्वी वृक्षाचे पान घेऊन ते नाकाच्या मापाचे करावे आणि त्या पानाच्या मापाने गालाची त्वचा घ्यावी, असे सुश्रुत सांगतो. त्या पानाचे माप अन्य कोणा रुग्णाच्या उपयोगाचे नसते; समोर बसलेल्या एका रुग्णासाठीच ते घेतलेले असते.

ही परंपरा केवळ ग्रंथात राहिली नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेसोबत असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. त्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून शोभेल असे नाक घडविले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्याभोवती रेघ आखली आणि तेवढीच त्वचा सोडवून, भुवयांमधल्या भागात तिचा जिवंत देठ राखून, ती खाली वळवून बसविली. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा सचित्र वृत्तान्त आला. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील आधुनिक सुघटनशल्याचा एक उगम अशा रीतीने पुण्याच्या एका अनामिक कारागिरापाशी पोहोचतो.

परंतु ही कथा सांगून केवळ छाती फुगविणे हा तिचा अपमान ठरेल. तिच्यातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली, ज्या हाताला मातीचा आकार कळत होता त्याच हाताला माणसाचा आकार कळला. कारागीर आणि वैद्य यांच्यात भिंत नव्हती. दुसरी अधिक बोचरी आहे. कौशल्य येथे होते, पण त्याची नोंद लंडनमध्ये झाली, ग्रंथ लंडनमध्ये झाला, आणि पुढे हेच शास्त्र पाश्चात्त्य विद्या म्हणून परत शिकण्याची वेळ आली. कारागिराचे नावही वृत्तान्तात उरले नाही. जे ज्ञान संस्थेत रुजत नाही ते टिकत नाही. त्रिमितीय छपाईच्या बाबतीत ही चूक पुन्हा करावयाची की नाही, हा आजच्या पिढीपुढील प्रश्न आहे.

तंत्राचे स्वरूप समजून घेतले तर त्याभोवतीचे गूढ ओसरते. सुश्रुताने पानाने आणि पुण्याच्या कारागिराने मेणाने जे माप घेतले, ते आज सीटी स्कॅनच्या किरणांनी घेतले जाते. रुग्णाच्या डोक्याच्या किंवा जबड्याच्या एकेक मिलिमीटर, किंबहुना त्याहूनही पातळ चकत्यांची चित्रे संगणकात येतात. त्यांतून हाड वेगळे करून संगणक त्याची घन आकृती उभी करतो. चेहऱ्याची एक बाजू शाबूत असेल तर तिचे आरशातले प्रतिबिंब दुसऱ्या बाजूवर ठेवून हरपलेला आकार ठरविता येतो. हे काम यंत्र एकटे करीत नाही. कोठे स्नायू चिकटेल, कोठे रक्तवाहिनी जाईल, स्क्रू कोठे बसेल, हे शल्यविशारद आणि अभियंता शेजारी बसून ठरवितात. मग यंत्र तो आकार थरावर थर देत घडविते. स्वस्त यंत्रात प्लॅस्टिकची तार वितळवून थर घातले जातात, काहींत द्रव राळ प्रकाशाने घट्ट केली जाते. धातूच्या यंत्रात निष्क्रिय वायूने भरलेल्या पेटीत टायटॅनियमच्या मिश्रधातूची बारीक भुकटी पसरून लेसरने हव्या त्याच जागी वितळविली जाते. एकेक थर केसाहून पातळ असतो. या तंत्राचा पहिला प्रमुख स्वामित्व हक्क अमेरिकेतील चक हल यांना १९८६ मध्ये मिळाला. म्हणजे ही विद्या जगातही चार दशकांचीच आहे.

या पद्धतीने घडलेल्या रोपणाचा लाभ केवळ मापापुरता नाही. भरीव टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ असते. सारा भार धातूने पेलला की शेजारचे हाड निकामी राहून झिजू लागते. छपाईने धातूची जाळी विणता येते; ती हाडाइतकी लवचीक करता येते आणि तिच्या सूक्ष्म छिद्रांत रुग्णाचे स्वतःचे हाड वाढून शिरते. मग रोपण उपऱ्यासारखे राहत नाही, ते देहाचा भाग होते.

भारतात या दिशेने काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोरोनाच्या साथीत २०२१ मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, हजारो रुग्णांचे जबडे आणि डोळे हिरावले. त्यानंतर आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी एका नवोद्योगाच्या साह्याने अशा रुग्णांसाठी चेहऱ्याची छापील रोपणे तयार करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या अर्थसाह्याने २०१४ पासून आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय केंद्र उभे राहिले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. डॉक्टर आणि अभियंता यांना एका छपराखाली बसविण्याचा तो स्तुत्य प्रयत्न आहे. त्याही आधी टाटा स्मारक रुग्णालयातील अस्थिकर्करोगाच्या शल्यविशारदांनी देशी उत्पादकाच्या साह्याने स्वस्त कृत्रिम सांधे विकसित केले. परदेशी सांध्याची किंमत परवडत नाही एवढ्या कारणासाठी ज्या कुमारवयीन मुलांचे पाय कापावे लागले असते, त्यांपैकी अनेकांचे पाय त्यामुळे वाचले. स्वदेशी हा शब्द काहींना भाबडा वाटतो. त्या मुलांच्या घरी तो तसा वाटणार नाही.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्याच्या भारती रुग्णालयात एका चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग मापाबरहुकूम रोपणाने पुन्हा उभारण्यात आला. २०१९ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध झाली आणि सर्वांनी योग्य ते कौतुक केले. शस्त्रक्रिया करणारे हात आपले होते. रोपण मात्र अमेरिकेतील कंपनीने बनवून पाठविलेले होते. माप येथे घ्यायचे, ते सातासमुद्रापार पाठवायचे आणि वस्तू तयार होऊन येईपर्यंत मुलीच्या मेंदूवर हाडाचे छप्पर नाही, अशा अवस्थेत थांबायचे! भारतात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक आयात होतात. केंद्र शासनाने २०२२ मध्ये त्रिमितीय छपाईविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले, २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण आले. दोन्हींची दिशा योग्य आहे. पण धोरणाचा कागद दिल्लीत छापला जातो, आणि रोपण छापले जावयाचे आहे ते अलिबागच्या किंवा जळगावच्या रुग्णासाठी.

येथेच एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. त्रिमितीय छपाई म्हटले की डोळ्यांपुढे कोट्यवधी रुपयांचे धातूचे यंत्र उभे राहते, आणि जिल्हा रुग्णालयाने त्याचे स्वप्नही पाहू नये असा निष्कर्ष लगेच निघतो. वस्तुस्थिती निराळी आहे. या विद्येचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त उपयोग देहात बसणाऱ्या वस्तूसाठी होतच नाही. तो शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी होतो. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढल्यावर पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिनीसह काढून, त्याचे तुकडे करून, त्यांतून नवा जबडा रचण्याची शस्त्रक्रिया आता प्रस्थापित आहे. रुग्णाच्या जबड्याची साधी प्लॅस्टिकची प्रतिकृती आधी हाती असेल तर धातूची पट्टी तिच्यावर आदल्या दिवशीच वाकवून ठेवता येते. हाड नेमके कोणत्या कोनात कापावयाचे हे दाखविणारी मार्गदर्शक पट्टीही छापता येते. शस्त्रक्रियेतील वेळ वाचतो आणि दातांची ठेवण जुळते. येथे हाड रुग्णाचेच असते, यंत्राने दिलेला असतो तो केवळ आकार. हे करणारे यंत्र एखाद्या चांगल्या दुचाकीच्या किमतीत येऊ शकते.

कवटीच्या बाबतीतही असाच मध्यममार्ग आहे, आणि तो पेणच्या कारागिराला चटकन समजेल. कवटीचा हरपलेला तुकडा थेट न छापता त्याचा साचा छापावयाचा. त्या साच्यात शस्त्रक्रियागृहातच अस्थिसिमेंट ओतून तुकडा घडवावयाचा. अस्थिसिमेंट हे अनेक दशकांपासून वापरात असलेले, परवडणारे द्रव्य आहे. ते घट्ट होताना बरेच तापते, म्हणून मेंदूवर न ओतता बाहेर साच्यात ओतणेच अधिक सुरक्षित. एका माणसासाठी एक साचा, आणि काम झाले की तो मोडून टाकायचा. हजारांसाठी एक साचा करणाऱ्या युगाने एकासाठी एक साचा करण्यापर्यंत मजल मारावी, ही मोठीच उलटापालट आहे. भारतासारख्या देशाला हाच मार्ग अनुरूप आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूर फूट घडविला, तोही याच वृत्तीतून. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून चालण्यासाठी होता. भारतीय शेतकऱ्याला चिखलात चालायचे होते, मांडी घालून बसायचे होते. गरज कोणाची, हे ओळखून तंत्र वाकविले गेले.

उत्साहाच्या भरात सावधगिरी सोडून चालणार नाही. यंत्रातून बाहेर पडलेली वस्तू म्हणजे रोपण नव्हे. धातूच्या तुकड्यातील अंतर्गत ताण उष्णतेने घालवावे लागतात, जाळीत अडकलेला भुकटीचा कण न् कण काढावा लागतो, आतली पोकळी वा तडा तपासावा लागतो, आणि मग निर्जंतुकीकरण करावे लागते. स्वस्त प्लॅस्टिकपैकी एक प्रकार साधारण ६० अंश तापमानालाच मऊ पडतो. रुग्णालयातील वाफेच्या पेटीत १२१ अंशाला तो साचा ठेवला तर त्याचा आकारच बिघडेल, आणि चुकीच्या साच्यातून चुकीची कवटी निघेल. अशा साच्यासाठी कमी तापमानाची निर्जंतुकीकरण पद्धत लागते. तात्पर्य, यंत्र घेणे सोपे आहे. त्यामागची शिस्त उभी करणे अवघड आहे. साध्या अस्थिभंगाला तयार पट्टी पुरेशी असताना केवळ नावीन्याच्या हौसेने महागडे छापील रोपण सुचविणारी वृत्तीही फोफावू शकते. तिला वेळीच आळा घातला पाहिजे.

कायद्याचे बळही येथे लागेल. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीने, तज्ज्ञ डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून एकाच रुग्णासाठी बनविलेल्या उपकरणाला वेगळे स्थान दिले आहे, आणि घाऊक उत्पादन त्यातून वगळले आहे. ही सवलत योग्यच आहे, कारण जगात एकमेव असलेल्या वस्तूची हजार रुग्णांवर चाचणी घेता येत नाही. पण सवलतीचा अर्थ मोकळे रान असा होऊ नये. वस्तू एकमेव असली तरी तिची भुकटी, तिचे यंत्र, ती घडविण्याची रीत आणि ती तपासणारा मनुष्य या गोष्टी तपासता येतात. प्रत्येक रोपणाची नोंद राहिली पाहिजे आणि पाच-दहा वर्षांनी रुग्णाचे काय झाले याचाही पत्ता लागला पाहिजे.

किमतीचा प्रश्न याहून कठीण आहे. २०१७ मध्ये केंद्र शासनाने हृदयातील स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कारखान्यातून एकसारख्या निघणाऱ्या मालाची किंमत अशी बांधता येते. जी वस्तू प्रत्येक रुग्णागणिक वेगळी, तिची कमाल किंमत कशी ठरवायची? नातेवाईक तुलना कोणाशी करणार? ज्या घरातला कर्ता माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे ते घर भाव करण्याच्या मनःस्थितीत नसते. म्हणून वस्तूच्या ऐवजी कामाचे दर ठरले पाहिजेत. आराखड्याचा दर अमुक, प्रतिकृतीचा अमुक, वजनानुसार धातूचा अमुक. २ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी ही योजना आजारनिहाय ठरलेल्या दरांवर उभी आहे. जबड्याच्या आणि कवटीच्या पुनर्रचनेच्या दरांत छापील प्रतिकृती व साच्याचा खर्च स्पष्टपणे धरला गेला, तर गरीब रुग्णाच्या वाट्याला ही विद्या येईल. अन्यथा ती पंचतारांकित रुग्णालयांच्या जाहिरातींतच राहील.

आणि येथे पुन्हा रायगडकडे वळावे लागते, कारण या जिल्ह्यापाशी विखुरलेल्या स्वरूपात सारे काही आहे. अलिबागेत २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जिल्हा रुग्णालय त्याच्या जोडीला आहे. माणगावजवळ लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे यंत्र अभियांत्रिकी शिकणारे तरुण बहुधा ग्रामीण घरांतले असतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आहे. पेणला आकाराची जाण असलेले शेकडो हात आहेत. उणीव आहे ती या चौघांना एका धाग्यात ओवणाऱ्या इच्छाशक्तीची. अलिबागेत सीटी स्कॅन व्हावा, त्याची चित्रे लोणेऱ्याला जावीत, तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रतिकृती आणि साचा तयार व्हावा, धातूचे रोपण लागले तर ते राज्यातल्या एखाद्या तपासलेल्या सामायिक केंद्रात छापले जावे, आणि मुरूडचा किंवा म्हसळ्याचा रुग्ण आपल्या जिल्ह्यात अथवा फार तर खारघरपर्यंत जाऊन बरा होऊन घरी यावा. यात अशक्य असे काय आहे? पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी बंद पडतात, घाटांत दरडी येतात. रुग्णाला मुंबई गाठणे दुष्कर होते. त्याच्या देहाचे माप मात्र कोणत्याही वादळात तारेवरून काही क्षणांत प्रवास करू शकते. रुग्णाऐवजी मापाने प्रवास करावा, एवढीच ही योजना आहे.

शासनाने हे करावे, असे म्हणून समाजाने स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. रुग्णसेवेत मुरलेले असंख्य कार्यकर्ते या किनाऱ्यावर आहेत. २०२० च्या ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडची घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या तेव्हा त्यांचे दर्शन साऱ्यांना घडले. एखाद्या सेवाभावी न्यासाला जिल्हा रुग्णालयाला एक छोटे यंत्र देणे कठीण नाही. ते चालविणाऱ्या दोन तरुणांचे वर्षभराचे वेतन एखाद्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाला सहज उचलता येईल. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या माणसाला घराबाहेर आणणे, त्याच्या शेजारी पंगतीला बसणे, हे काम तर कोणत्याही यंत्राशिवाय आजच करता येईल. आणि सर्वांत स्वस्त रोपण म्हणजे न फुटलेले डोके आणि न सडलेला जबडा. हेल्मेट घालणारा मुलगा आणि मशेरीची डबी फेकून देणारी आई यांनी जे वाचते ते जगातले कोणतेही यंत्र परत छापू शकत नाही.

पानाने माप घेणारा सुश्रुत आणि मेणाने माप घेणारा पुण्याचा तो अनामिक कारागीर यांनी एकच गोष्ट केली. त्यांनी समोरच्या माणसाला कोणत्याही साच्यात न कोंबता, तो जसा आहे तसा पाहिला. किरणांनी माप घेणाऱ्या आजच्या विद्येचा आत्माही तोच आहे. पेणची मूर्ती उत्सवानंतर पाण्यात विसर्जित होते, कारण तिचे कार्य संपलेले असते. जबडा हरपलेल्या माणसाचे कार्य संपलेले नसते. त्याला जीवनाच्या प्रवाहात पुन्हा उभे करणे ही ज्यांना प्राणप्रतिष्ठेचा अर्थ कळतो त्यांची जबाबदारी आहे. ती पार पाडण्याची साधने आता हाताशी आली आहेत. ती उचलावयाची की यावेळीही नोंद लंडनने करावी याची वाट पाहायची, हे या किनाऱ्याने आणि महाराष्ट्राने ठरवावयाचे आहे.